दृढीकरणाआधी दहावीचा पहिला धडा

«सर, सलाम. आम्ही जालन्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टर बियाण्यांच्या कंपनीत आहेत. मुलगी यंदा दहावीला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि त्यानंतर लगेच तिचं दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी. आमच्या मंडळीत नवीन पाळकसाहेब आलेत. माणूस चांगला आहे, आजाऱ्याच्या घरी रात्री-बेरात्री धावून जातो. पण दृढीकरणाच्या वर्गात त्यांनी मुलांना सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये तसं लिहिलंय, आणि उत्क्रांती मानणाऱ्यानं स्वतःला ख्रिस्ती म्हणवू नये. इकडे विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. पोरगी घरी येऊन म्हणाली, “मम्मी, पेपरात खोटं लिहू की चर्चमध्ये खोटं बोलू?” मला काही सुचलंच नाही. तिला पुढे भूगर्भशास्त्र घ्यायचंय, म्हणून जास्तच काळजी. दुसरं असं की माझ्या सासूबाई टाळ-मृदंगावर भजनं म्हणतात, त्यांच्या वडिलांपासून आलेली. तरुण संघातल्या पोरांनी त्यांना सांगितलं की या चाली मूर्तिपूजकांच्या आहेत, सोडून द्या. तेव्हापासून त्या चर्चमध्ये तोंड उघडत नाहीत. मी काय करू? — एक आई, जालना»

ताई, सलाम.

आधी मुलीचा प्रश्न घेतो, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तिचंच आहे. तिला सांगा, कुठेच खोटं बोलायचं नाही. धडा जसा समजला तसा पेपरात लिहायचा, आणि वेदीसमोर उभं राहून जे कबूल करायचं तेही पूर्ण मनानं करायचं. या दोन गोष्टी एकाच माणसाला प्रामाणिकपणे करता येतात. ख्रिस्ती लोक त्या पिढ्यानपिढ्या करत आलेत, आणि त्यांतले काही तर तुमच्या जालन्याच्या मंडळीच्या वाडवडिलांत मोडतात.

दृढीकरणाच्या दिवशी ती प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणेल. आकाश आणि पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता जो सर्वसमर्थ देव पिता, त्याच्यावर माझा विश्वास आहे, अशी त्याची सुरुवात. निर्माण कुणी केलं ते तिथे स्पष्ट सांगितलंय. किती वर्षांपूर्वी, किती दिवसांत, कशा क्रमानं, याबद्दल एक अक्षर नाही. चौथ्या शतकातल्या नायसियाच्या अंगीकारातही नाही. त्या काळी मंडळीत वादांना तोटा नव्हता, एकेका शब्दावरून बिशप एकमेकांच्या उरावर बसत होते. तरी पृथ्वीचं वय हा विश्वासाचा मुद्दा करावा, असं त्यांना वाटलं नाही. मग ती अट आज दहावीच्या पोरीला कशासाठी?

आता वाडवडिलांबद्दल. जालन्याजवळचं बेथेल तुम्ही पाहिलं असेलच. नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे निजामाच्या राज्यात येऊन त्यांनी ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. या चर्चचा पहिला मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, थॉमस चामर्स हा कट्टर बायबलवाला, रस्त्यावरच्या गरिबांसाठी झिजलेला माणूस. पण डार्विनचा जन्मही व्हायचा होता तेव्हाच त्यानं व्याख्यानात सांगून टाकलं होतं की मोशेच्या लिखाणावरून, म्हणजे बायबलच्या सुरुवातीच्या पुस्तकांवरून, पृथ्वीचं वय ठरत नाही. त्याच परंपरेतला त्याच्याही आधीचा गुरू म्हणजे धर्मसुधारक कॅल्व्हिन. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकावर लिहिताना तो म्हणतो की मोशे साध्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं त्या भाषेत बोलतोय. चंद्राला त्यानं मोठी ज्योती म्हटलं, आणि शनी चंद्राहून मोठा आहे हे ज्योतिर्विद सांगतात. दोन्ही आपापल्या जागी ठीक. ज्याला आकाशाचं शास्त्र शिकायचंय त्यानं दुसरीकडे जावं, असं कॅल्व्हिन सोळाव्या शतकात लिहून गेला.

पण तुमच्या मुलीला ज्याची ओळख करून द्यावी असा माणूस आहे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. तोही फ्री चर्चचाच मिशनरी, शेषाद्रींच्याच काळातला. नागपुरात तो सुवार्ता सांगायचा, शाळा चालवायचा, आणि सवड मिळाली की हातोडी घेऊन खडक फोडत हिंडायचा. तिथे त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळ सापडला. त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, वनस्पतींचे अवशेष, कीटक. म्हणजे काय झालं असेल, ते मुलीला विचारा. आधी लाव्हा पसरला. तो थंड झाला. त्याच्यावर पाणी साचून तळं झालं. त्या तळ्यात गोगलगायी जन्मल्या, मेल्या, तळाशी गाळ बसला. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. नोहाच्या वेळच्या एका वर्षाच्या एकाच जलप्रलयात हे बसवून दाखवा म्हटलं तर कठीण आहे. हिस्लॉप आणि हंटर यांनी हे सगळं रीतसर लिहून लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेकडे पाठवलं, आणि १८५० च्या दशकात ते छापून आलं. पाळकपद त्यासाठी सोडावं लागलं नाही. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून तो गेला, तेव्हाही तो मिशनरीच होता.

तोच लाव्हा आपल्या पायाखाली आहे. जवळपास अख्खा मराठवाडा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलाय. त्याचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं निघतं, आणि ते कुणाच्या मताचं नव्हे, खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीचं आहे. मोजणीवर विश्वास नसेल तर एखाद्या जुन्या खोल विहिरीत डोकावा, नाहीतर कन्नडच्या घाटात गाडी थांबवून कड्याकडे बघा. काळ्या पाषाणाच्या थरावर थर. आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. लाव्हा थंड होऊन उघडा पडला, उन्हापावसानं झिजला, त्याची माती झाली, तेव्हा कुठे वरचा थर आला. काळ्या पाषाणाची माती व्हायला किती पिढ्या लागतात ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

काही जण म्हणतात, देवानं पृथ्वी नवीच केली पण जुनी दिसेल अशी केली. फिलिप गॉस नावाच्या एका भाविक निसर्गअभ्यासकानं १८५७ साली इंग्लंडात हेच मांडलं होतं. त्याला विरोध करणाऱ्यांत एक पाद्रीही होता. देव खडकावर खोटं लिहील, हे त्या पाद्र्याला पटेना. मलाही पटत नाही. आकाश देवाचा महिमा वर्णितं असं आपण स्तोत्रात म्हणतो, आणि मग तेच आकाश फसवं आहे म्हणतो, हे जमायचं कसं?

मग सहा हजार वर्षं आली कुठून? हा आकडा बायबलमध्ये कुठेच लिहिलेला नाही. वंशावळ्यांतली वयं आणि राजांचे काळ जोडून माणसांनी तो काढला. त्यातला सगळ्यात गाजलेला हिशेब आयर्लंडच्या आर्चबिशप जेम्स अशरचा, १६५० सालचा. त्यानं सृष्टीची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ च्या ऑक्टोबरात धरली. त्याच्या काळात उपलब्ध साधनांवर तो विद्वानाचा हिशेब होता, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण आज ज्या जोमानं हा आकडा शिकवला जातो, तो जोम विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा आहे. १९६१ साली तिथे एक धर्मशास्त्री आणि एक पाण्याचा इंजिनिअर, अशा दोघांनी मिळून जलप्रलयावर पुस्तक लिहिलं. तिथून ही चळवळ वाढली, आणि व्हिडिओ, छापील पत्रकं, बायबल शाळा यांतून इथे पोचली. तुमचे पाळकसाहेब मनापासूनच शिकवत असतील. पण ते शिकवतायत ती बेथेलची परंपरा नव्हे.

पवित्र शास्त्र बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. उलट उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय मुलीसोबत बसून हळूहळू वाचा. पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. त्याआधी तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी होऊन गेलेल्या असतात. हे नवं निरीक्षण नाही, तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं याच जागी बोट ठेवलं होतं. पहिल्या अध्यायात झाडं, मग प्राणी, मग माणूस. दुसऱ्यात माणूस आधी, मग बाग आणि प्राणी. दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना हे दिसत नव्हतं, असं कसं म्हणणार? त्यांना घटनांची डायरी लिहायची नव्हती. सूर्य-चंद्र हे देव नाहीत, देवानं टांगलेले दिवे आहेत, समुद्र राक्षस नाही, आणि माणूस, राजा असो की गुलाम, देवाच्या प्रतिरूपात आहे, हे त्यांना सांगायचं होतं. आपल्या गावकुसाबाहेरून आलेल्या घरांना या शेवटच्या वाक्याची किंमत तुम्हाला मी सांगावी लागणार नाही.

बिशप ऑगस्टीननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला याच पुस्तकावर मोठं भाष्य लिहिलं, आणि त्यात ख्रिस्ती लोकांना चांगलं फटकारलंय. आकाश, तारे, प्राणी यांबद्दल पवित्र शास्त्राचं नाव घेऊन काहीबाही बोलू नका. ज्याला त्या विषयाचं खरं ज्ञान आहे तो हसेल, आणि मग पुनरुत्थानाबद्दल तुम्ही बोलाल ते तरी तो का मानेल? तुमच्या मुलीची मैत्रीण विज्ञानाच्या तासाला हेच विचारू शकते.

एक उलटी सवयही टाळायला सांगा. आपले शेजारी पुराणात विमानं शोधतात तेव्हा आपण गालात हसतो, आणि मग आपलाच तरुण संघ बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या एका ओळीत गुरुत्वाकर्षण काढून दाखवतो. दोन्हीत फरक काय? विश्व प्रसरण पावतंय ही कल्पना १९२७ साली ज्यानं मांडली आणि पुढे त्याची सुरुवात एका आदिकणातून झाली असावी असं म्हटलं, तो जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक फादर होता. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताचा निर्मितीच्या बाजूनं आधार घेतल्यासारखं भाषण केलं, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी लमेत्र अस्वस्थ झाला. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलला तर देवावरचा विश्वासही बदलायचा का, ही त्याची अडचण होती. आणि धड्यात जो अनुवंश आहे त्याचा पाया घालणारा मेंडेल मठात राहून वाटाणे लावत होता. त्याचं काम १८६६ साली छापलं गेलं.

आपल्याच भागातलं उदाहरण हवं असेल तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली तिला मंजुरी दिली, तिचा एकेक बाहू चार किलोमीटरचा. तसल्याच अमेरिकेतल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा अशी लहर टिपली, ती दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघून सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करत आली होती. ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी हे होतंय याचं मला कौतुक वाटतं. तुमची मुलगी उद्या तिथे कामाला लागली तर रविवारी प्रार्थना काय करणार, हा प्रश्न तिच्यापुढे आजच नीट सुटलेला बरा.

आता जिथे खरी अडचण आहे ते. पाळकसाहेबांची भीती पृथ्वीच्या वयाबद्दल नसते, ती आदामाबद्दल असते. आदामाच्या पापामुळे मरण आलं असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो. मग माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी प्राणी मरत होते, याचं काय करायचं? हा प्रश्न खोटा नाही आणि मी तो दोन ओळींत उडवून लावणार नाही. कुणी म्हणतं पौल माणसाच्या देवापासून तुटण्याबद्दल बोलतोय. कुणी आदामाला त्या वेळच्या माणसांचा प्रतिनिधी मानतं, कुणी त्याची गोष्ट म्हणजे प्रत्येक माणसाची गोष्ट मानतं. कॅथलिक मंडळीनं १९५० साली माणसाच्या शरीराच्या उगमावर संशोधनाला वाट मोकळी ठेवली, आत्मा मात्र देव निर्माण करतो असं धरून. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स उत्क्रांती मानतात आणि उघडपणे ख्रिस्तावर विश्वास ठेवतात. तुमच्या मुलीला यातलं एक आजच निवडायची सक्ती नाही. मोठी झाल्यावर ती वाचेल, भांडेल, ठरवेल.

पण मरणाचा विषय निघालाच आहे तर किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा आणि नंतरही काही उपदेशकांनी हा देवाचा कोप आहे असं सांगितलं, आपल्यातल्याही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, त्यांचा विषय येशूनं स्वतःच काढला. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजता काय, नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. लातूर-उस्मानाबादची ती माणसं झोपेत मेली कारण दगड-मातीच्या जाड, जड भिंती अंगावर आल्या. भूकंप का होतो आणि घर कसं बांधावं, हे शिकवणारं विज्ञान तिथे जीव वाचवतं. कोपाचं प्रवचन नाही वाचवत. भूगर्भशास्त्र शिकणारी ख्रिस्ती मुलगी मराठवाड्याला हवी आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

सासूबाईंचं लवकर सांगतो, कारण त्यात गुंता कमी आहे. त्यांनी म्हणावं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ओवी-अभंग दाराबाहेर ठेवले नाहीत, मराठी मंडळी आजही त्यांची भजनं म्हणते. नगरकडे तर ख्रिस्ती कीर्तनाची परंपराच आहे. शेवटच्या स्तोत्रात झांजांनी देवाची स्तुती करा म्हटलंय, आणि तरुण संघाची गिटार काही यरुशलेमेहून आलेली नाही. हिस्लॉपनं गोंडांची गाणी आणि त्यांच्या आदिवीर लिंगोची कथा ऐकून, लिहून घेतली. ती सैतानाची म्हणून फेकली नाहीत, त्याच्या मृत्यूनंतर ती छापली गेली. कुणाला गातोय ते पाहावं, चालीची जात काढू नये.

तरी एक गोष्ट पोरांना रागावण्याआधी विचारा. मराठवाड्यातल्या काही घरांत हलगी-सनई हे गावानं लादलेलं काम होतं, सुपातल्या धान्यावर वाजवायला लागायचं. त्या घरातल्या नातवाला वाद्यच नकोसं वाटत असेल तर तो मूर्तिपूजेबद्दल बोलत असला तरी दुखणं वेगळं आहे. ते दुखणं असेल तर सासूबाईंना त्याच्याशी बोलू द्या, त्या तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील.

राहिले पाळकसाहेब. उपासनेनंतर चारचौघांत विषय काढू नका, महिला मंडळात तर अजिबात नको. घरी चहाला बोलवा. मिस्टरांनाही बसवा, नाहीतर ती बाईची तक्रार ठरते आणि आपल्याकडे मग ऐकतात कमी. रात्री-बेरात्री आजाऱ्याकडे धावणारा माणूस लेकराच्या प्रश्नाकडे पाठ फिरवेल असं मला वाटत नाही. मुलीनं स्वतः विचारावं, “साहेब, मी अंगीकारातलं प्रत्येक वाक्य मनापासून म्हणते, पण पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं मला म्हणता येत नाही. माझं दृढीकरण कराल का?” एवढंच. वाद जिंकायला जाऊ नये. त्यांनी आपलं मत ठेवावं, तिनं आपलं ठेवावं, आणि वर्गात उत्क्रांतीवाल्यांना मंडळीबाहेर काढायचं थांबवावं, इतकीच मागणी करा.

नाहीच म्हणाले तर घाबरू नका. तुमची मंडळी उत्तर भारतीय चर्चची असेल तर दृढीकरण सहसा पाळक करत नाहीत, बिशपसाहेब करतात. पाळकांचं काम तयारी करून घेण्याचं. पाळकसाहेबांना आधी कळवून, त्यांच्या मागे नव्हे, बिशपसाहेबांना पत्र लिहा आणि सोबत मुलीच्या हातानं लिहिलेला तिचा अंगीकार जोडा. परीक्षेआधी नको, पेपर संपल्यावर. आणि त्या पहिल्या धड्यातली आकृती तिला नीट काढून बघायला सांगा, माणसाच्या उत्क्रांतीचा क्रम मुलं हमखास चुकवतात.